न उच्चारलेलीं अक्षरें

मागील अंकांत येथील देवस्थानांविषयीं मीं जें लिहिलें होतें, तें वाचून कोल्हापूरच्या एका गृहस्थांचें पत्र आलें आहे. त्यांचे चिरंजीव चार वर्षांपासून बँकॉकमध्यें नोकरीस आहेत. सूनबाई रमली आहे. आणि आतां तेथेंच घर करून कायमचें राहावें असें उभयतांच्या मनांत आहे. वडिलांचें मनहि होकाराकडे झुकलेलें दिसतें. ज्या देशाच्या राजांस राम म्हणतात, ज्याच्या जुन्या राजधानीचें नांव अयोध्या, ज्याचा विमानतळ सुवर्णभूमि आणि ज्याच्या सरकारी कागदाच्या माथ्यावर गरुड बसलेला, तो देश परका कसा म्हणावा, असें ते विचारतात. प्रश्न एका घराचा खरा. पण तो हल्लीं पुष्कळ घरांत निघत असेल, म्हणून उत्तर खासगी पत्रानें न देतां येथेंच देतों. मी येथें चिरंजिवांकडे येऊन राहिल्यास नऊ वर्षें झालीं. पेशा शाळामास्तराचा, विद्या संस्कृताची. कायद्याचा मी पंडित नव्हे. परंतु परदेशांत राहणाऱ्यास कायदा हा पावसापाण्यासारखा रोजचा विषय होऊन बसतो, आणि तेवढ्यापुरतें बोलण्यास हरकत नसावी.

प्रथम एका लहानशा चिन्हाची ओळख करून दिली पाहिजे. थाई वर्णमाला आपल्याच क्रमानें जाते: क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग. संस्कृत शब्द लिहितांना हे लोक एकहि वर्ण सहसा गाळीत नाहींत. वाचतांना मात्र निम्मे गाळतात. सोमवारास लिहितात 'चन्द्र' आणि वाचतात 'चन्'. शुक्रवारास लिहितात 'शुक्र' आणि वाचतात 'सुक्'. जो वर्ण लिहावयाचा पण उच्चारावयाचा नाहीं, त्याच्या डोक्यावर एक बारीक वळण काढतात. त्या वळणाचें नांव 'दण्डघात'. उच्चार 'थन्थखात' असा करतात, पण शब्द आपलाच. छडी बसली कीं वर्ण मुका झाला! शाळामास्तरास हें नांव पाहतांच ओळखीचें वाटावें यांत नवल नाहीं.

येथील कायद्याचेंहि असेंच आहे. लिहिलेलें सर्व, वाचलें जातें तें निराळें. कोणतें अक्षर बोलतें आणि कोणतें मुकें आहे हें पुस्तकांत छापलेलें नसतें, तें कानांनीं शिकावें लागतें. येथल्या माणसास तें बाळपणापासून येतें. परकीयास येण्यास वर्षें लागतात, आणि आलें असें वाटूं लागावें तों एखाद्या मुक्या अक्षरास कंठ फुटतो. पत्रलेखकांच्या प्रश्नाचें मर्म माझ्या मतें येथें आहे.

जुन्या काळीं येथें राजा कायदा करीत नसे. कायदा अनादि आहे, मनोसार नांवाच्या ऋषीस तो विश्वाच्या कडेच्या भिंतीवर लिहिलेला सांपडला, राजानें त्याप्रमाणें केवळ न्याय द्यावा, अशी समजूत होती. ग्रंथाचें नांव 'थम्मसात', म्हणजे धर्मशास्त्र. तो मोन लोकांच्या पाली परंपरेंतून इकडे आला, आणि मनोसार या नांवांत आपला मनु दडलेला आहे. चक्री वंशाच्या पहिल्या रामाच्या कारकीर्दीत, १८०४ च्या सुमारास, एक खटला त्याच्यापुढें आला. एका स्त्रीनें परपुरुषाशीं संबंध ठेवून वर नवऱ्यापासून काडीमोड मागितली, आणि न्यायाधीशांनीं ग्रंथाप्रमाणें ती दिली. नवऱ्यानें राजाकडे दाद मागितली. राजानें ग्रंथाच्या तीन प्रती ताडून पाहविल्या. तिन्हींत पाठ एकच निघाला. तेव्हां राजानें काय ठरविलें? कायदा चुकीचा आहे असें तो म्हणाला नाहीं. पाठ भ्रष्ट झाला आहे असें म्हणाला, आणि अकरा जणांस बसवून सर्व ग्रंथ शुद्ध करविला. त्या प्रतींवर राजसिंह, गजसिंह व कमळ अशा तीन मुद्रा उमटविल्या, म्हणून त्यास तीन मुद्रांचा कायदा म्हणतात. पाठचिकित्सेच्या नांवाखालीं कायदा बदलण्याची ही युक्ति आमच्या निबंधकारांसहि अपरिचित नव्हती.

पुढें पाश्चात्य आले. १८५५ मध्यें बाउरिंगचा तह झाला आणि ब्रिटिश प्रजाजनांस श्यामचा कायदा लागू होईनासा झाला. त्यांचे खटले वकिलातींत चालूं लागले. हिंदी व्यापारीहि त्या काळीं ब्रिटिश प्रजाच, तेव्हां या सवलतीचे भागीदार आपलेहि लोक होते. हें जूं मानेवरून उतरविण्यास या देशास पाऊण शतकाहून अधिक काळ लागला. पांचवा राम चूडालंकरण, जो १८७१-७२ च्या हिंदुस्थानच्या प्रवासांत मुंबईसहि येऊन गेला होता, त्यानें परदेशी कायदेपंडित नेमून नवीं न्यायालयें व नव्या संहिता यांचा पाया घातला. आणि उरलेसुरले विशेष हक्क १९३७ च्या तहांनीं संपले. ज्या देशानें आपल्याच अंगणांत पाहुण्याचा कायदा चालतांना पाहिला, तो पाहुण्यास जमीन देण्यास कचरला तर मला तरी त्यांत दुष्टावा दिसत नाहीं.

राजकारणाकडे वळलों कीं संस्कृतज्ञाची मोठी करमणूक होते, आणि थोडीशी भीतीहि वाटते. आपला 'राष्ट्र' शब्द या भाषेंत दोन वाटांनीं आला. संस्कृत रूपानें आला तो 'रात्सदोन'. त्याचा अर्थ प्रजा, सामान्य जन. पालीच्या वाटेनें 'रट्ठ' होऊन आला तो 'रत्'. त्याचा अर्थ राज्य, सरकार. एकाच शब्दाचीं हीं दोन भावंडें. आणि या देशाचें गेल्या ९४ वर्षांचें राजकारण म्हणजे या दोघांची भाऊबंदकी, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. २४ जून १९३२ रोजीं ज्यांनीं अनियंत्रित राजसत्ता संपविली त्यांनीं आपल्या मंडळास 'खाना रात्सदोन', म्हणजे प्रजापक्ष, असें नांव दिलें होतें. त्या वेळच्या राजाचें नांव प्रजाधिपक, आणि लोकशाहीस शब्द रूढ झाला 'प्रचाथिपतै', म्हणजे प्रजाधिपत्य. ज्याची सत्ता गेली त्याचें नांव आणि जी आली तिचें नांव एकाच धातूंत ओतलेलें! राजानें १९३५ सालीं गादी सोडली. क्रांतीच्या पुढाऱ्यांपैकीं प्रीदी फनोम्योंग (हा 'प्रीदी' म्हणजे आपली प्रीति) यांनीं १९३४ सालीं धर्मशास्त्राच्याच नांवाचें 'थम्मसात' विद्यापीठ काढलें, पंतप्रधानपदहि भूषविलें, आणि १९८३ मध्यें पॅरिस येथें परागंदा स्थितींत देह ठेविला.

पंतप्रधान म्हणजे 'नायक राष्ट्रमंत्री', संसद म्हणजे 'राष्ट्रसभा', आणि लष्करानें सत्ता घेतली कीं तो 'राष्ट्रप्रहार'. निवडणुकीस मात्र साधा थाई शब्द आहे, 'लुअक्-तांग': निवडणें आणि स्थापणें. १९३२ पासून यशस्वी राष्ट्रप्रहार बारा-तेरा झाले. २००६ चा व २०१४ चा हे अगदीं अलीकडचे. दर प्रहारागणिक बहुधा जुनी राज्यघटना जाते व नवी येते. १९९७ ची घटना पुष्कळ लोकविचारानें झालेली म्हणून तिला लोकांची घटना म्हणत. ती २००६ मध्यें गेली. ६ एप्रिल २०१७ ची घटना ही विसावी. मीं आलों तेव्हां तिची शाई ओली होती. आमच्या गल्लींतल्या एका वृद्ध औषधविक्रेत्यास मीं तिच्याविषयीं विचारलें, तेव्हां त्यानें हसून पावसाचा विषय काढला. हेंहि एक उत्तरच होतें, हें मला पुढें समजलें.

न्यायालयास येथें 'सान' म्हणतात, म्हणजे शाला. आणि या शाळेंत अलीकडे पंतप्रधान पुष्कळ नापास झाले. २००८ सालीं समक सुंदरवेज हे दूरचित्रवाणीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम करून मोबदला घेत म्हणून गेले. 'नोकर' या शब्दाचा अर्थ घटना-न्यायालयानें शब्दकोश काढून लाविला. शब्दकोशाच्या सामर्थ्याचें याहून मोठें उदाहरण मला माझ्या विद्यार्थ्यांस कधीं देतां आलें नव्हतें! २०२३ च्या मे महिन्यांतील निवडणुकींत ज्या तरुण पक्षानें सर्वांत अधिक, म्हणजे ५०० पैकीं १५१ जागा मिळविल्या, त्याच्या नेत्यास लष्करी राजवटीनें नेमलेल्या २५० सभासदांच्या वरिष्ठ सभागृहामुळें पंतप्रधान होतां आलें नाहीं. आणि ७ ऑगस्ट २०२४ रोजीं तो पक्षच न्यायालयानें विसर्जित केला. त्याच महिन्याच्या १४ तारखेस पंतप्रधान स्रेत्था थविसिन यांना न्यायालयानें पदच्युत केलें. त्यांच्यामागून आलेल्या पैतोंगतार्न शिनवात्रा २९ ऑगस्ट २०२५ रोजीं गेल्या. कंबोडियाशीं सरहद्दीचा तंटा पेटला असतां त्या देशाच्या हुन सेन यांच्याशीं त्या दूरध्वनीवर बोलल्या, त्यांना 'अंकल' म्हणाल्या, आपल्याच एका सेनाधिकाऱ्यास विरोधी बाजूचा म्हणाल्या, आणि तें बोलणें बाहेर फुटलें.

वरील सर्व मुक्या अक्षरांची कथा झाली. राज्यघटनेंत 'सत्ता प्रजेची' हीं अक्षरें आहेतच. त्यांच्यावर दण्डघात कधीं बसतो व कधीं निघतो एवढाच प्रश्न. परंतु एक अक्षर असें आहे कीं, तें नेहमीं पूर्ण व मोठ्यानें उच्चारलें जातें. दण्डसंहितेचें ११२ वें कलम राजा, राणी, युवराज व राजप्रतिनिधि यांच्या अवमानास दर अपराधागणिक तीन ते पंधरा वर्षें शिक्षा सांगतें. फिर्याद कोणीहि करावी. जानेवारी २०२१ मध्यें एका निवृत्त सरकारी कर्मचारी स्त्रीस ध्वनिफिती प्रसृत केल्याबद्दल साडेत्रेचाळीस वर्षें शिक्षा झाली. तीहि गुन्हा कबूल केल्यामुळें निम्मी होऊन. वर ज्या पक्षाच्या विसर्जनाचा उल्लेख केला, त्याचा अपराध हें कलम बदलूं म्हणणें हाच होता. परकीयांस यांतून सूट नाहीं. आज गादीवर असलेल्या घराण्याविषयीं मी या सदरांत नऊ वर्षांत एक वाक्यहि लिहिलेलें नाहीं, हें चाणाक्ष वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. तथापि लोकांची भक्ति केवळ भयापोटीं आहे असें मात्र कोणी समजूं नये. २०१७ च्या ऑक्टोबरांत भूमिबल राजांच्या अंत्यविधीच्या दिवशीं काळीं वस्त्रें नेसून रस्त्यांत बसलेलीं हजारों माणसें मीं पाहिलीं आहेत; तीं रडत होतीं तें कोणी सांगितलें म्हणून नव्हे. भक्ति आणि कलम दोन्ही खरीं आहेत.

उलट कित्येक अक्षरें उघडउघड मुकीं. ज्याचें नांव या पानांत घेणें बरें नव्हे असा एक व्यवसाय १९९६ च्या कायद्यानें निषिद्ध असून रात्रीं दिव्यांच्या झगमगाटांत चालतो. गांजाची (येथें 'कन्चा') तर गंमतच झाली: जून २०२२ मध्यें तो अमली पदार्थांच्या यादींतून काढला, कोपऱ्याकोपऱ्यावर दुकानें झालीं, आणि जून २०२५ मध्यें वैद्याच्या चिठ्ठीवांचून विकूं नये असें ठरलें. पादचारी मार्गावरून मोटारसायकली जातात त्यास कायद्याची मनाई आहे, हें मला दुचाकी चुकवितांना एका शिपायानेंच सांगितलें. आणखी एक नवें अक्षर आहे, तें मात्र बोलतें: २३ जानेवारी २०२५ पासून दोन पुरुषांस किंवा दोन स्त्रियांस परस्परांशीं विवाह करतां येतो. आमच्या घरांत यावर तीन पिढ्यांचीं तीन मतें पडलीं. पण कायद्यांत विवाहास जो शब्द आहे तो 'सोम्रोत', म्हणजे समरस, हें ऐकून तिन्ही पिढ्या कांहीं वेळ गप्प राहिल्या.

आणि जीं अक्षरें लिहिलेलींच नाहींत, तीं सर्वांत कडक. आवाज चढवूं नये. पाय कोणाकडे करूं नयेत, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवूं नये. दुसऱ्यास आपल्यामुळें संकोच पडेल असें वागूं नये. यास 'क्रेंगचाई' म्हणतात, आणि आपल्या भिडेहून ही भावना पुष्कळ व्यापक आहे. क्षमा मागावयाची तर 'खो थोत' म्हणावें. 'थोत' म्हणजे दोष. आणि तोच शब्द शिक्षेसहि आहे. म्हणजे क्षमा मागणारा शब्दशः 'दोष द्या' असें म्हणतो! घरगुती बाबतींत मात्र आपल्या एकत्र कुटुंबांतल्या माणसास येथें चटकन् गोडी वाटते. आईची आई निराळी, वडिलांची आई निराळी, आणि त्यांस शब्दहि निराळे. भाजीवाली मला 'लुंग' म्हणते. वडिलांच्या किंवा आईच्या थोरल्या भावाचा तो शब्द. कागदोपत्रीं हातभर लांब संस्कृत नांव असलेल्या मुलास घरीं 'मू' (डुक्कर) किंवा 'कुंग' (कोळंबी) म्हणतात, कारण गोड नांव ऐकून भुतांची नजर लागूं नये. आपल्याकडे धोंडू, दगडू, भिकू हीं नांवें याच काळजींतून आलीं. खाण्याची अडचण खरी आहे, कारण माशांचा अर्क भाजींतहि पडतो. 'मांगसविरत' (मांसविरति) म्हटलें तर अंडें येतें. 'चे' म्हटलें तर मांस, अंडें, दूध यांच्यासह कांदालसूणहि जातो, आणि आमच्या घरांतील स्त्रियांस उपवासाच्या दिवशीं तें सोयीचें पडतें.

आतां पत्राचें उत्तर. थाई कायद्यांत परकीयास 'तांगदाव' म्हणतात, म्हणजे दुसऱ्या मुलुखाचा. बोलीभाषेंत हिंदी माणसास 'खॅक' म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा. कित्येक हिंदी लोकांस तो शब्द टोंचतो. मला त्यांत निंदेपेक्षां निर्णय अधिक दिसतो: पाहुणचार भरपूर, वाटा नाहीं.

पाहुण्यास जमीन विकत घेतां येत नाहीं. इमारतींतला फ्लॅट घेतां येतो, पण त्या इमारतींतील एकंदर क्षेत्राच्या ४९ टक्क्यांहून अधिक परकीयांकडे असूं नये, आणि पैसा परदेशांतून आलेला असावा. केस कापणें, बुद्धमूर्ति घडविणें, भिक्षापात्रें करणें, वाटाड्या होणें अशीं चाळीसएक कामें थाई लोकांसाठीं राखून ठेविलेलीं आहेत. माझ्यासारख्या निवृत्तास पन्नाशीनंतर राहण्याचा परवाना मिळतो; त्यासाठीं बँकेंत ८,००,००० बाट ठेवावे लागतात (तें चिरंजिवांनीं केलें), आणि कामधंदा करावयाचा नाहीं अशी अट असते. चाळीस वर्षें वर्गांत उभा राहिलेला मनुष्य येथें चार मुलांस पैसे घेऊन रूपावली शिकवूं शकत नाहीं. कायमच्या वास्तव्याचा परवाना आहे, पण वर्षाकाठीं एका देशाच्या जास्तींत जास्त शंभर माणसांस. आपल्या एवढ्या मोठ्या देशासहि शंभरच.

घरांतल्या प्रत्येकानें दर नव्वद दिवसांनीं आपला पत्ता कळवावयाचा. शिवाय १९७९ च्या कायद्याचें ३८ वें कलम असें कीं, परकीय घरीं येऊन राहिला कीं घरमालकानें चोवीस तासांत वर्दी द्यावी. चाळीस वर्षें या कलमावर दण्डघात होता. आमच्या घरमालकीणबाईंस तें ठाऊकहि नव्हतें. २०१९ सालीं अकस्मात् तें मोठ्यानें वाचलें जाऊं लागलें. आम्ही चियंगमाईहून तीन दिवसांनीं परतलों, आणि पुढें परवान्याच्या नूतनीकरणास गेलों तेव्हां वर्दी नाहीं म्हणून ८०० बाट दंड भरावा लागला. बिचाऱ्या बाई पेरूंची करंडी घेऊन क्षमा मागण्यास आल्या. वर्षभरानें तें कलम पुन्हा बरेंच सौम्य झालें.

म्हणून पत्रलेखकांस माझें सांगणें असें. चिरंजिवांस कोणी ना कोणी सुचवील कीं, बंगल्याची जमीन एखाद्या थाई माणसाच्या किंवा नुसत्या नांवाच्या कंपनीच्या नांवें घ्यावी, सर्वच घेतात, कोणी विचारीत नाहीं. असें करूं नये. तो गुन्हा आहे. अक्षर आज मुकें असेल, पण लिहिलेलें आहे, आणि बोलूं लागेल त्या दिवशीं घर व देश दोन्ही सुटतील. फ्लॅट घ्यावा, स्वतःच्या नांवें घ्यावा, आणि कोल्हापूरचें घर विकूं नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ती पत्रांत विचारलेली नाहीं. आमचा नातू येथेंच जन्मला. त्याच्या जन्मदाखल्यास 'सूतिपत्र' म्हणतात आणि त्यावर गरुड आहे. रोज आठ वाजतां तो शाळेच्या पटांगणांत उभा राहून इतर मुलांच्या बरोबरीनें राष्ट्रगीत म्हणतो. थाई त्याला माझ्या मराठीपेक्षां सफाईनें येतें. पण तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्या परकीय मातापितरांच्या मुलास या भूमींत जन्मल्यानें नागरिकत्व मिळत नाहीं. बापाच्या आधारावर त्याला विसाव्या वर्षापर्यंत राहतां येईल. त्यानंतर त्यानें आपल्या जन्मगांवीं राहण्याकरितां स्वतःचा परवाना शोधावयाचा. आणि तो हिंदी नागरिक आहे तोहि, जन्मल्यापासून एक वर्षाच्या आंत चिरंजिवांनीं वकिलातींत नोंद केली म्हणूनच. सूनबाईस मूल होणार असेल तर ही एक वर्षाची मुदत भिंतीवर लिहून ठेवावी.

मे महिन्यांत राजवाड्यासमोरच्या मैदानावर बीजमंगलाचा नांगर धरला जाईल. येथील देवस्थानाचे ब्राह्मण बैलांपुढें भात, मका, कडधान्य, तीळ, गवत, पाणी व मद्य असे सात पदार्थ ठेवतात, आणि बैल ज्यास तोंड लावतील त्यावरून वर्षाचें भविष्य सांगतात. यंदा जाण्याचा विचार आहे. बैलांनीं काय खाल्लें तें पुढील अंकीं कळवीन.